पासकोड चोराला ठाऊक असेल तर? ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ वर्षभर वापरल्यानंतर

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात माझ्या मेहुण्याचा आयफोन दादर स्थानकात गेला. मुंबईत फोन जाणे नवलाचे नाही. रुळांच्या कडेला दबा धरून दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठी मारणाऱ्यांना तर आपण ‘फटका गँग’ असे नावही देऊन बसलो आहोत. नवल पुढे घडले. चोराने फोन बंद केला नाही की सिमकार्ड काढून फेकले नाही. मेहुणा एका सहप्रवाशाच्या फोनवरून स्वतःचाच नंबर पुन्हा पुन्हा लावत होता, तेवढ्यात त्याच्या ॲपल खात्याचा पासवर्ड बदलला गेला, ‘फाइंड माय’ ही हरवलेला फोन दुरून शोधण्याची सोय बंद झाली आणि तासाभरात बँकेतून दोन वेळा मिळून ६४ हजार रुपये गेले. फोन हिसकावणारा त्याआधी बराच वेळ त्याच्या मागे उभा असला पाहिजे, कारण सहा आकडी पासकोड त्याला तोंडपाठ होता. बँकेने मात्र एका ओळीत उत्तर दिले: व्यवहार योग्य ओटीपी आणि योग्य पिन घालून झालेला असल्यामुळे निष्काळजीपणा ग्राहकाचा.

त्याच रात्री मी माझ्या आयफोन १३ वर ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ चालू केले आणि तेव्हापासून ते एकदाही बंद ठेवलेले नाही. ॲपलने ही सोय जानेवारी २०२४ मध्ये आयफोनच्या आयओएस १७.३ या प्रणालीबरोबर आणली. त्याच्या आदल्या वर्षी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने अमेरिकेतील बारमध्ये गिऱ्हाइकांचे पासकोड हेरून मग फोन लांबवणाऱ्या चोरांविषयी सविस्तर लिहिले होते, आणि नेमक्या त्या प्रकारच्या चोरीवरचा हा उतारा आहे. वेगळे पैसे पडत नाहीत. माझ्या फोनवर मात्र ते आपोआप चालू झालेले नव्हते. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘फेस आयडी अँड पासकोड’ या पानावर खाली जाऊन चालू करावे लागले. मेहुण्याच्याही फोनवर ते होते, फक्त त्याने ते कधी उघडून पाहिले नव्हते.

चेहरा ओळखणारा फोन हातात असताना पासकोड चोराला दिसतोच कसा, असे कोणी विचारील. ज्याने सकाळची फास्ट लोकल पाहिली आहे तो विचारणार नाही. डब्यात हात वर करायला जागा नसते, फोन छातीशी तिरपा धरलेला असतो, त्यामुळे फेस आयडीला निम्मा चेहरा दिसतो. पावसाळ्यात रेनकोटची टोपी कपाळावर ओढलेली असते, तर बोटाच्या ठशावर चालणाऱ्या फोनला ओले बोट ओळखता येत नाही. दोनदा नकार आला की आपण मुकाट्याने आकडे दाबतो, आणि ते दाबताना डावीकडचा, उजवीकडचा आणि मागचा असे तिघे तरी आपल्या इतके जवळ असतात की त्यांना पाहायचे नसले तरी दिसावे. प्लॅटफॉर्मवर इंडिकेटरखाली उभे राहून तिकिटाचे ॲप उघडणारा माणूस तर एक अख्खा वर्गच समोर बसवून फळ्यावर आकडे लिहीत असतो.

या सोयीमागची कल्पना साधी आहे. एरवी आयफोनमध्ये चेहरा जुळला नाही की पासकोडचा पर्याय येतो आणि पासकोड जवळजवळ सगळी दारे उघडतो. ही सोय चालू असली की काही दारांपुरता तो पर्याय काढून घेतला जातो. साठवलेले पासवर्ड पाहणे, सफारीत साठवलेले कार्ड वापरणे, ‘लॉस्ट मोड’ (हरवलेल्या फोनला दुरून लावलेले कुलूप) बंद करणे, फोन पुसून कोरा करणे यांसाठी चेहरा किंवा बोटच लागते. त्याहून नाजूक गोष्टींसाठी, म्हणजे ॲपल खात्याचा पासवर्ड बदलणे, खात्यातून बाहेर पडणे, फोनचा पासकोड बदलणे, नवा चेहरा किंवा ठसा नोंदवणे, ‘फाइंड माय’ बंद करणे आणि ही सोयच बंद करणे यांसाठी एकदा चेहरा दाखवून तासभर थांबावे लागते आणि तासानंतर पुन्हा चेहरा दाखवावा लागतो. गळ्याला सुरी लावून एकदा चेहरा दाखवायला लावले, तरी तासाभराने तोच माणूस पुन्हा समोर आणणे चोराला परवडणारे नाही, असा हा हिशोब आहे आणि तो मला पटतो.

तो तास कसा वाटतो हेही पाहिले. मला खात्याचा पासवर्ड खरोखरच बदलायचा होता, म्हणून संध्याकाळी सीएसएमटीला गाडीत बसल्या बसल्या प्रक्रिया सुरू केली. पडद्यावर घड्याळ उलटे सुरू झाले. भायखळा, दादर, कुर्ला गेले, ठाण्याला नेहमीप्रमाणे अर्धा डबा बदलला, आणि डोंबिवलीच्या पुलावरून उतरून रिक्षाच्या रांगेत उभा होतो तेव्हा तास पुरा झाल्याची सूचना आली. एरवी घाईत हा वेळ जाचक वाटला असता, पण पासवर्ड बदलण्याची निकड वर्षातून किती वेळा येते? वर्षभरात मला ही अडचण फक्त दोनदा आली.

तक्रार आहे ती ‘ओळखीच्या जागा’ या प्रकाराविषयी. सोय चालू करताना दोन पर्याय मिळतात: ओळखीच्या जागांपासून दूर असतानाच हे निर्बंध लावावेत, की नेहमीच लावावेत. ओळखीच्या जागा कोणत्या हे फोन आपल्या वावरावरून स्वतःच ठरवतो. घर आणि ऑफिस त्यात येतात हे ठीक, पण जिथे आपण नियमित फोन वापरतो अशा इतर जागाही येऊ शकतात, आणि त्यांची यादी आपल्या हाताने घालता किंवा गाळता येत नाही. मुंबईकर रोज ज्या ठिकाणी नियमितपणे फोन वापरतो ती जागा म्हणजे बहुधा त्याचे स्टेशन किंवा स्टेशनाबाहेरचे उडप्याचे हॉटेल, आणि फोन जाण्याची शक्यता सर्वांत जास्त तिथेच. म्हणून ‘ऑलवेज’ हाच पर्याय निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरा पर्याय ज्यांच्या घराशेजारी मोकळी हवा आहे त्यांच्यासाठी केलेला दिसतो.

‘ऑलवेज’चा आणखी एक उपयोग आहे, ज्याविषयी आपण मोठ्याने बोलत नाही. पासकोड ठाऊक असलेला परका माणूस नेहमी परकाच असतो असे नाही. आपल्या घरांत फोन ही सामाईक वस्तू असते; मुलाला गेमसाठी, सासूबाईंना गावच्या व्हिडिओ कॉलसाठी पासकोड सांगितलेला असतो, आणि तो पुढे कुठे जातो याची नोंद कोणी ठेवत नाही. अशा कोणी गुपचूप स्वतःचा चेहरा फोनमध्ये दुसरा चेहरा म्हणून नोंदवून ठेवला, तर फोन कायमचा दोघांचा होतो. ‘ऑलवेज’ असताना घराच्या सोफ्यावरसुद्धा ते होत नाही.

केवळ कंपनीच्या शब्दावर विसंबायचे नाही, म्हणून एका रविवारी मी माझ्या भाच्याला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसवले, फोन आणि पासकोड दोन्ही त्याच्या हाती दिले आणि अर्धा तास चोर हो म्हणून सांगितले. तो इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे हे काम त्याने अभ्यासापेक्षा मन लावून केले. पासकोड बदलायला गेला, चेहरा मागितला गेला, वाट बंद. पासवर्डचे ॲप, वाट बंद. फोन पुसायला गेला, वाट बंद. ‘फाइंड माय’ बंद करता आले नाही. पहिली दहा मिनिटे मी खुशीत शेंगदाणे खात होतो. मग त्याने सेटिंग्जचा नाद सोडला आणि फोटो उघडले. शोधण्याच्या चौकटीत त्याने आधार कार्डावर छापलेले सरकारचे इंग्रजी नाव टाकले. आयफोन हल्ली फोटोंतील अक्षरेही वाचतो; क्षणात चार फोटो समोर आले: माझे आधार दोन्ही बाजूंनी, बायकोचे आधार, आणि भाडेकरारासाठी काढलेला एक गठ्ठा. पुढच्या शोधात डेबिट कार्डाचा फोटो निघाला, कधीकाळी एका वितरकाला खाते क्रमांकाबरोबर पाठवलेला. मेसेज उघडेच होते. भाच्याने मान वर करून विचारले, ‘‘मामा, पुढे जाऊ का?’’ मी फोन काढून घेतला.

कारण पुढे काय होते ते मेहुण्याच्या बाबतीत दिसलेच होते. आपल्याकडे यूपीआय पिन हा फोनच्या पासकोडाहून वेगळा असतो, त्यामुळे पैसे सुरक्षित आहेत असे आपण धरून चालतो. पण तो पिन विसरल्यास नवा घालण्याची सोय ॲपमध्येच असते, आणि तिला लागते काय? डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, त्यावरची मुदत आणि फोनवर येणारा ओटीपी, तर काही बँका त्यावर एटीएम पिनही मागतात. किंवा आधारच्या मार्गाने गेल्यास आधारचे पहिले सहा आकडे आणि ओटीपी. सिमकार्ड फोनमध्येच आहे, मेसेज पासकोडने उघडतात, कार्ड आणि आधार गॅलरीत आहेत. म्हणजे वेगळे म्हणून ठेवलेले कुलूप त्याच किल्लीच्या जुडग्यात लटकत होते. ज्या पेमेंट ॲपचे कुलूप फोनच्याच कुलपावर चालते ते पासकोडने उघडते, आणि ‘यूपीआय लाइट’मध्ये ठेवलेल्या रकमेला तर एका वेळी १००० रुपयांपर्यंत पिनही लागत नाही. तिथे शिल्लक ५००० रुपयांच्या वर ठेवता येत नाही, एवढेच समाधान.

ही सोय ज्या देशात घडली तिथे माणसाचे सर्वस्व त्याच्या ॲपल खात्यात असते, ते तिने उत्तम राखले आहे. आपले सर्वस्व सिमकार्डावर येणाऱ्या ओटीपीत आणि गॅलरीतल्या आधारात असते, तिथपर्यंत तिचा हात पोचत नाही. याबद्दल ॲपलला दोष देणे फारसे न्याय्य होणार नाही, पण ‘चालू केले, आता निश्चिंत’ म्हणणाऱ्याला हे सांगितलेच पाहिजे.

म्हणून त्या रविवारनंतर फोनमध्ये जे बदल केले त्यांनाही या परीक्षणाचाच भाग समजावे. आधारचे सगळे फोटो गॅलरीतून आणि ‘रिसेंटली डिलीटेड’मधूनही काढले आणि त्या जागी मास्क्ड आधार ठेवले, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, पिन बदलायला पहिले सहा लागतात, तेव्हा ही प्रत चोराच्या उपयोगाची नाही. मूळ प्रत डिजिलॉकरमध्ये आहे आणि त्याला स्वतःचा सहा आकडी पिन आहे, अर्थात तो फोनच्या पासकोडासारखाच ठेवला नाही तरच त्याला अर्थ. ज्या कागदांची प्रत हाताशी लागतेच ते नोट्समध्ये टाकून त्या नोटला फोनच्या पासकोडाऐवजी वेगळा पासवर्ड लावला. झेरॉक्सवाल्याच्या नंबरवर व्हॉट्सॲपने पाठवलेली कागदपत्रे शोधायला मात्र एक अख्खी संध्याकाळ गेली. त्या एका चॅटमध्ये आमच्या घराचा सात वर्षांचा इतिहास निघाला. व्हॉट्सॲपच्या ‘चॅट लॉक’ला फोनच्या पासकोडाहून निराळा गुप्त कोड देता येतो, तो दिला. ओटीपीसाठी मेसेज ॲपला आयओएस १८ मधले ‘रिक्वायर फेस आयडी’ लावले आहे. घरात करून पाहिले तेव्हा चेहरा न जुळल्यास पासकोड चालला, त्यामुळे त्याला मी कुलूप न म्हणता कडी म्हणेन.

पासकोडही बदलला. सहा आकड्यांऐवजी अक्षरे आणि आकडे मिळून लांब केला, जो गर्दीत वाचायला कठीण जातो. पहिला आठवडा त्रासाचा गेला, पण लवकरच बोटे सरावली. त्याहून उपयोगी सवय म्हणजे चेहरा जुळला नाही तर गाडीत आकडे न दाबता फोन खिशात ठेवणे. पास काढलेला असावा आणि घरून निघतानाच गाडीची वेळ पाहिलेली असावी.

आता सॅमसंगविषयी, कारण पत्नीकडे गॅलॅक्सी एस २४ आहे. सॅमसंगची वन यूआय ७ ही प्रणाली आल्यावर तिच्या फोनमध्ये ‘आयडेंटिटी चेक’ मिळाले. काम बहुतांशी तेच: विश्वासाच्या जागेबाहेर असताना पिन बदलणे, ठसा नोंदवणे, साठवलेले पासवर्ड पाहणे यांना पिन चालत नाही, आणि ठसा बदलायचा तर तासभर थांबावे लागते. इथे विश्वासाच्या जागा आपण स्वतः निवडतो, या एका बाबतीत ते ॲपलपेक्षा शहाणे आहे. तिने फक्त घर घातले, शाळा घातली नाही. चेहरा मात्र इथे ग्राह्य नाही, बोटच लागते, आणि जुलै महिन्यात मुलुंड स्टेशनाबाहेर ओल्या बोटाने उभे राहून ते किती वेळा नाकारले जाते हे तिच्याच तोंडून ऐकावे. अँड्रॉइडच्या ‘थेफ्ट डिटेक्शन लॉक’ची जाहिरात फार होते. कोणी फोन हिसकावून पळाले की हालचालीवरून ते ओळखून पडदा बंद होतो. कल्पना छान, पण पडदा बंद होऊन पिन मागितला जाणार, आणि आपण ज्या चोराविषयी बोलत आहोत त्याला तो पाठ आहे. फोन नंबर टाकून दुरून पडदा बंद करणाऱ्या ‘रिमोट लॉक’लाही हीच मर्यादा आहे. अशा वेळी फोन दुरून पुसणे हाच खरा उपाय. सॅमसंगचा ‘सिक्युअर फोल्डर’ मात्र मनापासून आवडला, कारण त्याला फोनपेक्षा निराळा पिन देता येतो. तिची बँकेची आणि पेमेंटची ॲप्स आता तिथे राहतात. आयफोनमध्ये याच्या तोडीचे काही नाही.

फोन गेलाच तर काय, याचीही उजळणी आम्ही करून ठेवली. सर्वांत आधी बँकेला फोन, कारण रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे तोटा झाला तरी बँकेला कळवल्यानंतरचा तोटा बँकेचा असतो. मेहुण्याने कळवायला दोन तास लावले आणि तोवर सगळे आटोपले होते. मग सिम बंद करणे, पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार. आयफोन शोधायला कोणाच्याही फोनवरून आयक्लाउडच्या ‘फाइंड’ पानावर जाता येते आणि तिथे दुसऱ्या टप्प्याचा कोड लागत नाही, हे ठाऊक असणे मोलाचे, कारण तो कोड ज्या फोनवर यायचा तोच गेलेला असतो. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, बंद करण्यासाठी पोलिसांत तक्रार देऊन, तोच नंबर नव्या सिमवर घेऊन ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करावा. आयएमईआय आणि बँकांचे नंबर आता घरी फ्रिजच्या दारावर, कागदावर आहेत.

गुण द्यायचे तर ज्या कामासाठी ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ केले आहे त्या कामापुरते मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा ओळखीच्या जागांसाठी कापून. मुंबईत राहणाऱ्या, यूपीआय वापरणाऱ्या माणसाची एकूण सुरक्षितता म्हणून पाहिले तर अडीच. गॅलरी साफ केली तर साडेतीन. एक व्यवहारी सूचना: जुना फोन विकायला किंवा बदलून घ्यायला नेताना ही सोय घरूनच बंद करून निघावे, नाही तर दुकानदारासमोर तासभर बसून राहावे लागेल.

दुकानदारावरून आठवले. मागच्या महिन्यात पत्नीच्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात पावसाचे पाणी गेले, म्हणून लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात गेलो. काउंटरच्या काचेखाली दुरुस्तीला आलेल्या दहा-बारा फोनांची रांग होती. प्रत्येकाच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या पेनाने गिऱ्हाइकाचे नाव, बिघाड आणि ठळक आकड्यांत पासकोड. चहा घेऊन आलेल्या मुलालाही वाचता येईल असा. मुलाने विचारले, ‘‘काका, लॉक काय?’’ पत्नीने ‘डिव्हाइस केअर’मध्ये जाऊन ‘मेंटेनन्स मोड’ चालू केला. फोन बंद होऊन पुन्हा उघडला तो कोरा, जणू आत्ता खोक्यातून काढलेला. फोटो नाहीत, मेसेज नाहीत, आणि बाहेर यायला तिचे बोट किंवा पिन हवा. मुलाने चार्जर लावून पाहिला, स्पीकर वाजवून पाहिला, मान डोलावली. मग चिकटपट्टीवर नाव लिहिले, बिघाड लिहिला, पासकोडाच्या जागी आडवी रेघ मारली आणि फोन रांगेत ठेवून दिला.